पाळणा, मेड इन निडी

एका क्लिकवर पाळणा घरपोच येत असताना सलग चार महिने वीकेन्ड खर्ची घालून हाताने पाळणा कोण बनवतं? ज्याला घरून 'या वेळी आधी काहीही आणायचं नाही' अशी ऑर्डर मिळालेली असते, तो.

दिव्याहून सुटणारी रोहा गाडी नागोठणं सोडते तोवर डबा बऱ्यापैकी रिकामा झालेला असतो. पुढचं स्टेशन निडी, त्यानंतर रोहा. तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते आणि माणसं गोव्याच्या गप्पा मारायला लागतात. निडीला मात्र कोणी 'व्हॉट अ प्लेस' म्हणत उतरत नाही. उतरतात ते घरी जाणारे, आणि गेल्या फेब्रुवारीपासून दर शनिवारी सॅकमध्ये लॅपटॉप आणि सॅन्डपेपर घेऊन मी.

निडीला माझी आत्या राहते. तिच्या कौलारू घराचं छप्पर काही वर्षांपूर्वी उतरवलं आणि वर स्लॅब टाकला. जुन्या छपराचे सागाचे वासे आणि एक दाराची चौकट पडवीच्या मागे रचून ठेवली होती. 'कधीतरी कामाला येईल' या कॅटेगरीतलं ते सामान. तुमच्याही गावच्या घरी असेलच. आमच्याकडे ते खरंच कामाला आलं.

आधी थोडा फ्लॅशबॅक, कारण त्याशिवाय पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. दोन वर्षांपूर्वी बायकोला चौथा महिना लागला आणि मी उत्साहाच्या भरात ऑनलाइन पाळणा बुक केला. पांढरा, मच्छरदाणीवाला, खाली चाकं. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी सोनोग्राफीचा स्क्रीन आमच्याकडून दुसरीकडे वळवला. त्यानंतर दोन दिवसांनी, अगदी दिलेल्या तारखेला, बॉक्स आला. डिलिव्हरीवाल्या मुलाने हसून 'काँग्रॅट्स सर' म्हटलं. त्याचा काय दोष? त्यावर बाळाचं चित्र होतं. मी सही केली आणि बॉक्स शेजाऱ्यांकडे ठेवला. तो परत जाईपर्यंत शेजाऱ्यांनी त्यावर चादर टाकून ठेवली होती, हे मला खूप नंतर कळलं.

म्हणून या वेळी आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये नियम झाला. बाळ येईपर्यंत एक झबलंसुद्धा घरात येणार नाही. आई तर आधीपासूनच या मताची. बाळाच्या आधी पाळणा आणू नये, रिकामा पाळणा हलवू नये, हे तिच्या घटनेतलं पहिलं आणि दुसरं कलम. एरवी मी असल्या गोष्टींवर तासभर वाद घालतो. या वेळी घातला नाही.

पण मग नऊ महिने बापाने करायचं काय? बायकोच्या गोळ्यांचं टाइमटेबल बनवून झालं. अ‍ॅपवर 'तुमचं बाळ आता लिंबाएवढं' वाचून झालं. फेब्रुवारीत आत्याला भेटायला गेलो, ते वासे दिसले आणि डोक्यात किडा वळवळला. घाबरत घाबरत आत्याला विचारलं, तर तिने सुपातले तांदूळ निवडता निवडता निकाल दिला: "तुकडे कापून ठेव. तुकडे म्हणजे काय पाळणा नव्हे. जोडायचे बाळ आल्यावर."

सुप्रीम कोर्ट!

सूत, गुण्या आणि माझी दोन बोटं

गावातले सुतारकाका साठीच्या पुढचे. घरांची दारं-खिडक्या बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि आता सगळीकडे अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग आल्यावर ते निवांत आहेत. मी मोबाइलवर पाळण्याचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून ते पाहिले आणि विचारलं, "तू बनवणार, की मी बनवणार आणि तू फोटो काढणार?" मी म्हटलं, मी बनवणार, तुम्ही शिकवणार. त्यावर त्यांनी माझे तळवे उलटेसुलटे करून पाहिले. तळहात टायपिंगवाल्याचे. ते काहीच बोलले नाहीत, पण शनिवारी सकाळी आठला ये म्हणाले.

पहिला शनिवार नुसता खिळे काढण्यात गेला. जुन्या लाकडात मोडलेले खिळे दडलेले असतात आणि करवतीच्या दातांनी ते शोधायचे नसतात. काका एका फुटक्या स्पीकरचं मॅग्नेट दोरीला बांधून वाशावरून फिरवत. ते जिथे ओढ घेई, तिथे खडूची फुली. एका वाशातून अकरा खिळे निघाले.

दाराची चौकट मला जास्त आवडली होती. जाड, सरळ आणि तिच्यावर जुना हिरवा ऑइलपेंट. 'व्हिन्टेज लुक' वगैरे. सुदैवाने त्या आठवड्यात मी पेंटवर थोडं वाचलं. आपल्याकडे घरगुती रंगांमधल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा घालणारे नियम 2016 साली आले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल याची काहीच खात्री नाही. शरीरात शिसं किती गेलं तर चालतं, याचा सुरक्षित आकडाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातून बाळं जे दिसेल ते चावतात. असा जुना रंग कोरडा घासला तर धूळ नाकातोंडात जाते ती वेगळीच. मी हे सांगितल्यावर काका म्हणाले, "आम्ही तर जन्मभर घासला." मग थोडं थांबून त्यांनी चौकट उचलली आणि परत पडवीमागे नेऊन ठेवली. वाशांना कधीच रंग लागला नव्हता. चुलीच्या धुराने ते वरून काळे झाले होते, पण रंध्याचे चार हात मारल्यावर आतून जो मधासारखा साग निघाला, तो बघून मी खरोखर 'वॉव' म्हणालो. काका 'हं' म्हणाले.

नवीन साग का नाही आणला, असं ऑफिसवाल्या मित्रांनी विचारलं. एक तर तो महाग. शिवाय स्वतःच्या जागेतला साग तोडायचा म्हटलं तरी परवानगी लागते. राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग आहे, आणि कोकणी अंगणातले आंबा-फणससुद्धा. जुन्या लाकडाचा आणखी एक फायदा म्हणजे त्याने इतके पावसाळे खाल्लेले असतात, की वाकायचं तेवढं ते आधीच वाकून झालेलं असतं. सागाला वाळवी सहसा लागत नाही ती त्याच्यातल्या तेलामुळे. पण त्याच्यात वाळूसारखे सूक्ष्म कणही असतात, त्यामुळे पटाशीची धार भराभर जाते. माझ्या पहिल्या महिन्यातला निम्मा वेळ दगडावर पटाशी घासण्यात गेला.

रंधा मारणं दिसायला जिमसारखं दिसतं, पण तो जोराचा खेळच नाही. लाकडाची रेघ कुठल्या बाजूला चाललीय ते ओळखून त्या बाजूने मारला तर लांबच्या लांब सळसळती साल निघते, उलटा मारला की कचकन् टवका. जोड खिळ्यांचे नव्हते. एका लाकडात चौकोनी भोक, दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसणारी जीभ, तिला काका कुसू म्हणतात. दोन्ही बसले की आडवं भोक पाडून लाकडाचीच खुंटी ठोकायची. आत्याच्या घराचं छप्पर अशाच खुंट्यांवर उभं होतं. कुसू हाताने दाबून अर्धं आत जायला हवं आणि उरलेलं लाकडी मोगरीच्या ठोक्याने. माझं पहिलं कुसू भोकात गेलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडलं. दुसरं गेलंच नाही. सातवं बसलं.

आणि मग माप. काका फूट-इंच-सूतवाले. एका इंचात आठ सूत. मी मिलिमीटरवाला. अमेरिकेत बाळांच्या क्रिबसाठी नियम आहे, की दोन गजांमधली फट 2 पूर्णांक 3/8 इंचांपेक्षा, म्हणजे साधारण 60 मिलिमीटरपेक्षा, मोठी नसावी. कारण वाचून अंगावर काटा येतो: फटीतून बाळाचं अंग बाहेर सरकतं आणि डोकं अडकतं. मी हे सांगितल्यावर काकांनी बोटांवर हिशोब केला, "म्हणजे दोन इंच तीन सूत. आपण त्याच्या आत राहू." सोपं! आतली लांबी पावणेचौतीस इंच, सहा सुती जाडीचे अकरा गज, बारा फटी, प्रत्येक फट दोन इंच एक सूत. कॅल्क्युलेटर न वापरता.

एप्रिलमध्ये मी घोळ घातला. काका लग्नाला गेले होते आणि मला वाटलं, आता आपण एक्स्पर्ट. खालच्या पट्टीवर गजांच्या खुणा करताना एक खूण भलतीकडे पडली. सगळी भोकं पाडून झाल्यावर कळलं की एका बाजूची फट पावणेतीन इंच झालीय आणि तिच्या शेजारची त्याच मापाने अरुंद. दोन दिवसांचं काम. बायकोला फोनवर म्हणालो, काही होत नाही, अर्ध्या इंचाचा तर फरक आहे. पलीकडे ती काहीच बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्याचा अर्थ मला बरोबर कळतो. सोमवारी काका आले, पट्टी बघितली, गजांमधून स्वतःची मूठ घालून पाहिली आणि पट्टी सरळ चुलीजवळच्या सरपणात टाकली. ओरडले नाहीत. 'दुसरा वासा घे' एवढंच. शिल्लक एकच होता.

झोका किती सेकंदांचा?

आत्याच्या जुन्या घरात पाळणा तुळईला टांगायचे. मी स्वतः त्यात झोपलोय म्हणे. आमच्या फ्लॅटमध्ये टांगायला फक्त पंख्याचा हुक, आणि तिथे बाळ टांगायची माझी हिंमत नाही. त्यामुळे स्टँड आलाच. पण यात एक गंमत आहे. पाळणा म्हणजे लंबक, आणि लंबकाचा वेग त्याच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. नववीचं फिजिक्स! उंच तुळईला अडीच मीटर दोरीने टांगलेला पाळणा एक पूर्ण झोका घ्यायला तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेतो. स्टँडवर चाळीस सेंटिमीटर खाली लटकलेला घेतो सव्वा सेकंद. आज्यांचे पाळणे एवढे संथ का चालायचे, तर घरं उंच होती म्हणून. आपल्या पिढीची बाळं झोकेसुद्धा फास्ट लाइफमध्ये घेतात, असा विनोद मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. दोन लाइक.

झोक्याचा दुसरा मुद्दा विनोदाचा नाही. झोका थांबल्यावर पाळण्याचा तळ सपाट राहायला हवा. अमेरिकेत 2019 साली तिरप्या तळाचे सुमारे 47 लाख बेबी स्लीपर कंपनीला परत घ्यावे लागले, कारण त्यात बाळं दगावली होती. तिरप्या तळावर बाळाची मान पुढे झुकते, श्वास कोंडतो. 2022 मध्ये तिथे कायदा झाला आणि 10 अंशांपेक्षा जास्त तिरकी झोपायची साधनं बंद झाली. म्हणून आम्ही स्टँडला एक खुंटी ठेवली. ती आत सरकवली की पाळणा सपाट लॉक. झोका देऊन झोपवायचं, झोप लागली की लॉक करायचं.

डॉक्टरांचा सल्ला एकदम क्लिअर होता: पाठीवर झोपवायचं, गादी पातळ आणि घट्ट, उशी नाही, मऊ खेळणी नाहीत. इथे आईचा आणि माझा खटका उडाला. आमच्याकडे बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करतात आणि तिने ती करायला घेतली होती. (बाळ यायच्या आधी काही आणायचं नाही हे कलम उशीला लागू नव्हतं, कारण 'मोहरी घरातच होती'.) तह असा झाला, की उशी फक्त कोणीतरी समोर बसलेलं असताना, जमिनीवरच्या दुपट्यावर. पाळण्यात नाही. तिने ते मनापासून मानलंय असं मला वाटत नाही, पण मानलंय.

पॉलिशचं म्हणाल तर आम्ही वॉर्निश टाळलं. खायचं जवसाचं तेल, अगदी पातळ तीन हात, मधे आठवडा-आठवडा वाळवून. हे तेल सावकाश सुकतं, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत, मे महिन्यातच उरकलं. कुसवांना आधी चिकटपट्टी गुंडाळली, कारण तेल लागलेल्या लाकडाला फेविकॉल धरत नाही. आणि एक सांगतो, तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. काकांना हे माहीत होतं, पण कारण माहीत नव्हतं. मला कारण माहीत होतं, पण फडकं मी कोपऱ्यातच फेकलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाळण्याचे सगळे तुकडे तयार होते. नंबर घालून, आत्याच्या जुन्या लुगड्यात बांधून, माळ्यावर. कोणी विचारलं तर लाकडं आहेत.

बारा दिवस

मुलगी झाली. जुलैत, मंगळवारी पहाटे, पावणेतीन किलो. मी आत्याला फोन केला तर तिने आधी बायकोची तब्येत विचारली, मग बाळाची, आणि मग म्हणाली, "सुताराला सांगू ना?"

बारसं बाराव्या दिवशी, आणि पाळण्याशिवाय बारसं कसलं? आपल्याकडे पाळणा म्हणजे नुसतं फर्निचर कुठे असतं? तो गाण्याचाही प्रकार आहे. रामनवमीला भर दुपारी देवळात तो हलतो, शिवजयंतीला शिवनेरीवर हलवला जातो. सावंतवाडीचे लाखकाम करणारे कारागीर किंवा गुजरातेतल्या संखेड्याचे रंगीत लाकडी पाळणेवाले यांच्यापुढे आमचा पाळणा म्हणजे अगदीच साधा, बिनरंगाचा. पण डेडलाइन तीच. प्लॅन असा होता, की आठव्या दिवशी काका तुकडे घेऊन येतील, दोन दिवस फेविकॉल वाळेल, बाराव्याला बाळ पाळण्यात.

सातव्या दिवशी रात्री पाऊस लागला तो थांबेचना. अंबा नदी फुगली, गाड्या रखडल्या. आठवा दिवस गेला. नववाही. फ्रीलान्सरला पॅटर्निटी लीव्ह नसते. तसं केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 15 दिवस मिळतात, खासगी कंपन्यांवर कायद्याने सक्ती नाही आणि माझ्यासारख्याला तर विचारायलाच कोणी नाही. त्यामुळे मी एका हाताने मुलीला खांद्यावर धरून दुसऱ्या हाताने 'पावसाळी ट्रेक्स' नावाचा लेख टाइप करत होतो आणि दर दहा मिनिटांनी गाड्यांचं स्टेटस बघत होतो. बायको म्हणाली, "झोळी बांधू. तू एवढा का घाबरतोयस?" मी म्हटलं, घाबरत नाहीये. मग तिने ते पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं: "हा बॉक्स उशिरा आला तरी चालेल रे. बाळ आलंय."

दहाव्या दिवशी दुपारी काका आले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, खांद्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं लुगड्याचं गाठोडं आणि हातात मोगरी. सोसायटीच्या वॉचमनने त्यांना दहा प्रश्न विचारले होते, त्याचा राग चहा होईपर्यंत होता. मग हॉलमधलं सेंटर टेबल उभं करून ठेवलं आणि काम सुरू. दोन कुसवं दमट हवेने फुगली होती, ती पटाशीने किंचित सोलावी लागली. खुंट्या ठोकायची वेळ आली तेव्हा मोगरी त्यांनी माझ्या हातात दिली. आतल्या खोलीत मुलगी झोपली होती, म्हणून मोगरीला टॉवेल गुंडाळून ठोकलं. फेविकॉलला चोवीस तास. आम्ही छत्तीस दिले.

अकराव्या दिवशी रात्री स्टँडवर चढवला. मी सवयीने हात लावून हलवणार, तेवढ्यात आई किंचाळली, "रिकामा नाही!" काकांनीही मान डोलावली. मग टेस्टिंगसाठी आत दहा किलो तांदळाची गोणी ठेवली. मी शंभर झोके मोजले. करकर नाही, खुंटी आत सरकते, तळाला पाण्याची पातळी तपासायची लेव्हल लावली तर बुडबुडा मधोमध. दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवलं, मग मुलीला. नाव आत्याने कानात सांगितलं. गाणी झाली, घुगऱ्या वाटल्या.

आणि मुलगी? तिने पाळण्यात ठेवल्याच्या क्षणाला जो भोकाड पसरला, तो व्हिडिओ अजून नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. पहिले चार दिवस ती फक्त माझ्या खांद्यावर झोपली. पाचव्या रात्री तीन वाजता कंटाळून ठेवली, सव्वा सेकंदाचे झोके सुरू केले, आणि वीसेक झोक्यांनंतर ती झोपली. मी खुंटी आत सरकवली. मग तिथेच फरशीवर बसून राहिलो, कारण उठलो असतो तर गुडघा वाजला असता.

पाळणा वापरायचा पाच महिने. बाळ कुशीवर वळायला, हातांवर रेटा द्यायला लागलं की पाळणा बंद. डिसेंबरात ती पालथी पडून गजांमधून बाहेर बघायला लागली आणि आम्ही स्टँडचे बोल्ट सोडले. मित्र म्हणाले, पाच महिन्यांसाठी एवढा उपद्व्याप? हिशोब त्यांचा बरोबर आहे. चार महिने बनवायला, पाच महिने वापरायला.

आता तो निडीला आत्याच्या माळ्यावर आहे. गेल्या महिन्यात मुलीला घेऊन गेलो तेव्हा वर चढून बघितलं. आत्याने त्यात तांदळाची गोणी ठेवलीय. उंदीर लागतील ना, असं म्हटलं तर ती म्हणाली, "लागू देत. रिकामा नको."